मागचं चाक, दोन फाटक्या ट्यूब आणि शेवटचा वीतभर टायर

अर्धापाना

मंडळी, मदत हवी आहे. थोडी लाजही वाटते आहे, पण विचारतोच.

मोटरसायकलचा मागचा टायर घासून गुळगुळीत झाला होता. नवा १००/९०-१७ आणला. चाक स्पोकचं, मागे ड्रम ब्रेक, आत ट्यूब. चाक गाडीतून काढणं जमलं. जुना टायर उतरवणंही तासभर घाम गाळून जमलं. नव्या टायरची पहिली बाजू तर हातापायानेच दाबून रिमवर गेली. तेव्हा वाटलं, आपण जन्मजात मिस्त्री आहोत.

दुसऱ्या बाजूने माज उतरवला. पाऊण गोल सुखाने जातो आणि शेवटचा वीतभर टायर रिमवर चढायलाच तयार नाही. दोन टाम्या (टायर उचकटायच्या लोखंडी पट्ट्या) लावल्या, एकीवर गुडघा, दुसरीवर दोन्ही हात. एकदा टामी सटकून हनुवटीला चाटून गेली. शेवटी अंगाचा सगळा भार टाकला, टक्कन आवाज आला, टायर चढला. हवा भरायला घेतली तर मी पंप मारतोय आणि टायर आपला ढिम्म. ट्यूब काढून पाहिली, तर एका बाजूला शेजारीशेजारी दोन चिरा. दुसरी ट्यूब टाकली. पुन्हा तेच, त्याच जागी.

हत्यारं: एक खरी टामी, एक मोठा स्क्रूड्रायव्हर. कडेला थोडं इंजिन ऑइल चोपडलं होतं. आता सांगा, टायर चुकीच्या मापाचा आला का? की अजून लांब टामी घेऊ?

---

घरचा_मिस्त्री

लांब टामी मुळीच घेऊ नका. लांब टामीने फक्त एवढंच होईल की चूक तीच राहील आणि ती करायला जोर कमी लागेल.

शेजारीशेजारी दोन चिरा म्हणजे ट्यूब टामी आणि रिम यांच्यात चिमटली. खिळ्याचं भोक ट्यूबच्या बाहेरच्या अंगाला असतं, टायरच्या बाजूला. स्पोकचं टोक वर आलेलं असेल तर भोक आतल्या अंगाला, रिमच्या बाजूला. आणि जोडीच्या चिरा बहुतेक वेळा आपल्याच हातच्या. फाटलेली ट्यूब टाकण्याआधी भोक कुठे आहे ते नेहमी बघावं, गुन्हेगार कोण ते तिथेच कळतं.

माप बरोबर असेल. एक प्रश्न: शेवटचा वीतभर भाग चढवताना समोरचा भाग, म्हणजे चाकाच्या बरोबर पलीकडच्या बाजूची कड, कुठे होती?

---

अर्धापाना

समोरचा भाग? तो चढलेला होता ना आधीच. त्याच्याकडे कशाला बघायचं?

---

घरचा_मिस्त्री

सापडलं. :)

सविस्तर रात्री लिहितो. तोवर गणितमास्तर आले तर ते सांगतीलच.

---

गणितमास्तर

आलो.

टायरच्या कडेत पोलादी तारांचं कडं असतं. त्याला बीड म्हणतात. ते ताणलं जात नाही, आणि जाऊही नये, कारण हवा भरल्यावर टायरला रिमवर धरून ठेवणारं तेच. रबर बघून आपल्याला वाटतं की टायर ताणून रिमवर चढवायचा आहे. तसं नाही. एक कडक कडं त्याच्यापेक्षा मोठ्या थाळीवरून पलीकडे न्यायचं आहे. ताणून जाणार नाही, तिरकं करूनच जाणार.

आता रिमचा छेद डोळ्यांसमोर आणा. दोन्ही बाजूंना उभ्या कडा. त्यांच्या आत बीड बसायची सपाट जागा, तिला बैठक म्हणू. आणि मधोमध, जिथे स्पोकची टोकं आणि रबरी पट्टी असते, तिथे गोल फिरणारी खोबण. ही खोबण शोभेसाठी नाही, टायर चढावा आणि उतरावा म्हणूनच ती आहे.

हिशोब साधा आहे. बैठकीची त्रिज्या 'त्र' धरा. बीड बैठकीवर घट्ट बसते, म्हणून बीडचा व्यास २त्र. रिमची कड बैठकीपेक्षा समजा १४ मिमी उंच आहे. शेवटचा भाग कडेवरून पलीकडे न्यायचा असेल, तर त्या बाजूला बीड केंद्रापासून त्र + १४ वर लागते. समोरची बाजू बैठकीवरच बसून राहिली तर तिकडे त्र. बेरीज २त्र + १४. म्हणजे १४ मिमी कमी पडले, आणि ते पोलादी तारेतून येणार नाहीत. तुम्ही कितीही लोंबकळलात तरी.

तीच समोरची बाजू खोबणीत ढकलली आणि खोबण बैठकीपेक्षा निदान १४ मिमी खोल असली, तर तिकडे त्र − १४. बेरीज बरोबर २त्र. टायर जातो, आणि तोही जवळजवळ हाताने.

तुमच्या शेवटच्या वीतभराचं दुखणं त्या वीतभरात नव्हतंच. ते पलीकडच्या टोकाला होतं.

---

अर्धापाना

मास्तर, दंडवत. म्हणजे मी दोन तास चुकीच्या बाजूशी भांडत होतो.

---

रानवाटा

मास्तरांचं गणित बरोबर आहे, पण गुडघ्यांनी ते कसं करायचं ते मी सांगते. माझं वजन फार नाही आणि मी टायर स्वतःच बदलते, तेव्हा ताकदीचा मुद्दा सोडून द्या.

सगळ्यात आधी टायर उन्हात ठेवा. तासभर तरी. थंड टायर लाकडासारखा वागतो, तापलेला चपलेसारखा. ट्यूबही त्यातच ठेवा, घडी मोडते.

चाक जमिनीवर आडवं टाकू नका. जुना टायर खाली घाला आणि त्यावर चाक ठेवा, म्हणजे हब, चेनचं चक्र आणि रिमची कड टेकत नाही. डिस्क असलेलं चाक असेल तर डिस्क खाली टेकून त्यावर जोर दिलाच म्हणून समजा की ती वाकली.

दुसरी बाजू चढवताना मी चाकाजवळ गुडघ्यांवर बसते. जिथून सुरुवात केली तिथे दोन्ही गुडघे टायरवर. गुडघ्यांचं काम एकच, ती बाजू खोबणीत दाबून धरायची. दर टामीला एकदा खाली बघते, उसळून वर आली का? येतेच. पुन्हा दाबते. आणि टामीचा घास छोटा घ्यायचा, दोन-तीन बोटांएवढा. हावरटपणाने वीतभर उचलायला गेलात की अडलात. टामी ६० अंशांच्या पुढे कलल्यावरही जड लागत असेल तर थांबा. जोर वाढवायचा नाही, मागे जाऊन समोरची बाजू बघायची.

आणि स्क्रूड्रायव्हर. तो पेटीत परत ठेवा, हात जोडून विनंती. त्याची कड धारदार असते. तुमच्या दोन ट्यूबांपैकी निदान एक त्यानेच खाल्ली असणार. टामीचं टोक गोल, चमच्यासारखं असतं ते उगाच नाही. तीन टाम्या असाव्यात, दोन धरायला, एक चालवायला.

---

उंटावरचा_शहाणा

एवढा उपद्व्याप करण्यापेक्षा चाक काढून दुकानात दिलं की मशीनवर दहा मिनिटांत काम होतं. दोन ट्यूब, एक हनुवटी आणि एक सुटीचा दिवस वाचला असता. (हलकेच घ्या.)

---

रानवाटा

@उंटावरचा_शहाणा, दुकान जवळ असेल तेव्हा जरूर द्या, कोण अडवतंय. पंक्चर दुकानासमोर होत नाही, ही अडचण आहे. घरी, सावलीत, पाणी हाताशी असताना एकदा हे जमलं तर आडरानात जमतं. तिथे पहिल्यांदा शिकायला बसलात तर ट्यूब दोनच असतात आणि दोन्ही फाटतात.

---

घरचा_मिस्त्री

बसलो एकदाचा लिहायला. वर रानवाटा ताईंनी निम्मं काम केलंय, मी उरलेलं सांगतो.

तेल. @अर्धापाना, इंजिन ऑइल पुसून काढा, रिमवरचंही. दोन कारणं. एक, खनिज तेलाने रबर फुगतं, मऊ पडतं. दुसरं कारण जास्त वाईट. तेल वाळत नाही. टायर बसल्यावरही बीड आणि रिम यांच्यात निसरडं राहतं. मग जोरात ब्रेक मारला किंवा गाडी खेचली की टायर रिमवर थोडा थोडा फिरतो, सोबत ट्यूब फिरते, पण वॉल्व्ह तर रिमच्या भोकात अडकलेला. तो कलतो, कलतो, आणि एक दिवस मुळापासून फाटतो. तिथली फाट ठिगळाने जुळत नाही. ग्रीस, डिझेल यांचंही तेच. साबणाचं पाणी वापरा, थोडं दाटसर. ते वाळतं आणि वाळल्यावर पकड परत येते. टायर बसवायची खास पेस्ट मिळाली तर उत्तमच.

ट्यूब घालायच्या आधी टायरच्या आत हात फिरवा. सावकाश, कापड घेऊन, कारण काच किंवा तार असेल तर बोट कापेल. नव्या टायरच्या आत कागदी लेबल चिकटवलेलं असेल तर काढा, ते ट्यूबला घासत राहतं. रिमवरची रबरी पट्टी बघा. ती सरकली, वाळून तडकली असेल तर बदला, नाहीतर स्पोकची टोकं ट्यूबला भेटायला येतात.

ट्यूबला टॅल्कम पावडर लावा. आत घालण्याआधी दोन-चार पंप हवा भरा. फक्त गोल आकार येईल इतकीच. एकदम रिकामी ट्यूब घडी पडून टामीच्या वाटेत येते, जास्त भरलेली असली तर ती स्वतःच वाटेत असते. वॉल्व्ह भोकातून बाहेर काढला की त्याचा नट फक्त टोकाला दोन आटे फिरवून ठेवा. वॉल्व्ह आत पडू नये म्हणून, कसण्यासाठी नाही.

आणि शेवट वॉल्व्हपाशी करा.

---

सायलेन्सर

शेवटच्या वाक्याशी असहमत. मी नेहमी वॉल्व्हपासून सुरुवात करतो. वॉल्व्ह आधी पक्का बसला की ट्यूब सरकत नाही. वॉल्व्हपाशी शेवट केला तर नेमका तिथेच टामीचा जोर येतो आणि ट्यूब वॉल्व्हच्या मुळाशी चिमटते.

---

घरचा_मिस्त्री

@सायलेन्सर, तुमचं जमत असेल तर तुमचं बरोबर. पण मास्तरांचं गणित इथे लावून बघा. वॉल्व्हच्या मुळाशी ट्यूबला जाड रबराची गादी असते. ती खोबणीत बसलेली असते, म्हणून त्या जागी बीड खोबणीत पुरती उतरूच शकत नाही. सुरुवात वॉल्व्हपाशी केली तर शेवटी समोर येतो वॉल्व्ह, म्हणजे ज्या जागी खोबण सर्वांत जास्त हवी तिथेच ती भरलेली. वॉल्व्हपाशी शेवट केला तर समोरची खोबण मोकळी राहते. उतरवतानाही पहिली टामी मी वॉल्व्हच्या आसपासच लावतो, कारण तेच.

चिमटण्याची तुमची भीती मात्र खरी आहे. त्यावर उपाय: शेवटचा घास घ्यायच्या आधी वॉल्व्ह अंगठ्याने आत ढकलायचा, नट रिमला टेकेपर्यंत. गादी बीडच्या वर टायरच्या पोटात जाते. मग टामी.

---

सायलेन्सर

ढकलत नव्हतो, हे खरं. पण मागच्या चाकाला मला वॉल्व्हपासूनच बरं पडतं. सवय म्हणा.

---

पोटमाळा

अवांतर: मास्तरांनी सांगितलेली ती खोबण आजची नाही. डनलपने १८८८ मध्ये मुलाच्या तीनचाकीला हवेचे टायर लावले, ते चाकाला चिकटवलेलेच होते. पंक्चर झालं की उखडायचं, जोडायचं, पुन्हा चिकटवून वाळवत बसायचं. १८९० मध्ये इंग्लंडमध्ये चार्ल्स वेल्च याने न ताणणाऱ्या तारेच्या कडा असलेला टायर आणि मध्ये खोलगट भाग असलेली रिम, या जोडीचं पेटंट घेतलं. म्हणजे अर्धापानाची अडचण आणि तिचं उत्तर, दोन्ही एकाच पेटंटातली. मिशलाँ बंधूंचा काढता-घालता येणारा सायकल टायर त्याच सुमाराचा. १८९१ च्या पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस शर्यतीत शार्ल तेराँ त्यावर जिंकला.

त्याही आधी, १८४५ मध्ये, रॉबर्ट थॉमसनने हवेच्या चाकाचं पेटंट घेतलं होतं, पण तेव्हा रस्त्यावर सायकलीच नव्हत्या. अवांतर समाप्त.

---

अर्धापाना

वाचनखूण साठवली. रविवारी तिसरी ट्यूब. काही प्रश्न राहिलेत:

१. जुना टायर रिमला इतका चिकटला होता की मी त्यावर उभा राहून नाचलो. सोपा मार्ग आहे का?
२. टायरवर बाण आहे आणि एक पिवळा ठिपका आहे. बाण समजला. ठिपका?
३. दोन्ही बीड आत गेल्यावर हवा किती भरायची?

---

रानवाटा

१. वॉल्व्हची पिन काढलीत का? फक्त दाबून हवा सोडली तर थोडी आत राहते आणि टायर फुगून बसतो. पिन काढायची टोपी मिळते, नखाएवढी वस्तू, खिशात ठेवा. मग दुसऱ्या गाडीचं साइड स्टँड. चाक तिच्या बाजूला आडवं ठेवायचं, स्टँडचा पाय टायरवर, रिमच्या अगदी कडेला पण रिमवर नाही, आणि गाडी हळूच त्या बाजूला कलती करायची. गाडीच्या वजनाने बीड सुटते. एकाने गाडी धरायची, दुसऱ्याने चाक. एकट्याने करताना मी गाडी चाकावर पाडली आहे, त्याबद्दल जास्त विचारू नका. मोठा शिकंजा असेल तर तो त्याहून बरा.

२. ठिपका म्हणजे टायरची हलकी बाजू. वॉल्व्हमुळे रिमची ती बाजू जड असते, म्हणून ठिपका वॉल्व्हपाशीच आणायचा. बाणाबद्दल मात्र नीट बघा. काही टायर पुढे आणि मागे दोन्हीकडे चालतात आणि त्यांच्यावर दोन उलटे बाण असतात, प्रत्येकाशेजारी पुढचं चाक की मागचं ते लिहिलेलं असतं.

३. मिस्त्री सांगतील.

---

घरचा_मिस्त्री

३. पिन न लावता एकदा हवा भरा आणि सोडून द्या. आत ट्यूबला घडी पडली असेल तर ती उलगडते. मग पिन लावून पुन्हा भरा. बीड बैठकीवर चढताना टक, टक असे दोन आवाज येतील. ते ऐकले तरी डोळ्यांनी खात्री करा. टायरच्या कडेला, रिमलगत, एक बारीक रेघ गोल फिरते. ती रिमच्या कडेपासून सगळीकडे सारख्या अंतरावर दिसली पाहिजे, दोन्ही बाजूंना. कुठे बुडली असेल तर तिथे बीड बसलेली नाही. हवा सोडा, तिथे साबणपाणी लावा, हाताने टायर आपटा, पुन्हा भरा.

४० पीएसआयच्या पुढे जाऊ नका. टायरवर त्याहून कमी मर्यादा लिहिलेली असेल तर ती पाळा. बसत नाही म्हणून हवा वाढवत नेणं हा घरगुती कामातला सगळ्यात धोक्याचा प्रकार आहे. बीडची तार तुटली तर टायर आणि रिम दोन्ही उडतात. पंपाची नळी लांब ठेवा, तोंड चाकावर आणू नका, बोटं बीड आणि रिमच्या फटीत घालू नका. बसल्यावर गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्या दाबावर आणा.

जाता जाता, टायरवर चार आकडी संख्या शोधा. पहिले दोन आकडे आठवडा, पुढचे दोन वर्ष. ३१२४ म्हणजे २०२४ चा ३१ वा आठवडा. नवा म्हणून आणलेला टायर दुकानात किती वर्षं पडून होता ते तिथे कळतं.

---

उंटावरचा_शहाणा

व्हिडिओत टायरमध्ये स्प्रे मारून काडी लावतात, धाडकन बीड बसते. ते का नाही सांगत कोणी?

---

गणितमास्तर

कारण स्फोटाचा दाब मोजून देता येत नाही, म्हणून. शिवाय इथे ट्यूब आहे. आत काडी लावून काय शिजवणार?

---

हिरवळ

माझं अलॉय व्हील आहे, ट्यूबलेस. हेच सगळं लागू का?

---

रानवाटा

@हिरवळ, खोबणीचं तत्त्व तेच. ट्यूब चिमटण्याची भीती नाही, हे सुख. दुःखं दोन. बैठकीच्या आतल्या कडेला एक बारीक उंचवटा असतो, हवा कमी झाली तरी बीड सुटू नये म्हणून. त्यामुळे बीड सोडवायला जास्त जोर लागतो. आणि बसवताना हातपंपाने हवा भरतच नाही, जितकी भरावी तितकी फटीतून निसटते. टायरभोवती, जमिनीला लागतो त्या भागावर, मधोमध पट्टा आवळून बांधा. बीड बाहेरच्या बाजूला फाकतात आणि रिमला टेकतात. पिन काढून ठेवा, म्हणजे हवा झटकन आत जाते. टेकल्या, हवा धरू लागली, की पट्टा सोडा आणि मग दाब वाढवा. कॉम्प्रेसर असेल तर काम सोपं.

रिमला टामीचे ओरखडे पडू देऊ नका. दिसायला वाईट हा भाग वेगळा, बैठकीवर खोल चर पडला तर तिथूनच हवा जाते. प्लास्टिकच्या जुन्या बाटलीचे तुकडे कापून टामीखाली घाला. आणि चाकात हवेच्या दाबाचा सेन्सर असेल तर तो वॉल्व्हच्या मुळाशी असतो. तिथे टामी घालू नका.

---

अर्धापाना

रविवार, दुपार.

झालं!

टायर दोन तास उन्हात. साबणपाणी. नव्या दोन टाम्या. घरातल्याच एका लहान माणसाला समोरच्या बाजूवर उभं केलं आणि त्याचं एकच काम ठरवलं, "टायर वर आला की ओरडायचं." तीनदा ओरडला. तिन्ही वेळा मी नेमका जोर लावायच्या बेतात होतो.

शेवटचा वीतभर टायर. वॉल्व्ह आत ढकलला, गुडघे दाबले, टामी उचलली. टायर गेला. इतका सहज गेला की मला शंका आली, काहीतरी चुकलं असेल. हवा धरली आहे. एका बाजूला वॉल्व्हजवळ रेघ थोडी बुडाली होती. हवा सोडली, वॉल्व्ह पुन्हा आत दाबला, साबणपाणी लावलं, परत भरली, टक्क.

आता चाक गाडीला लावतो.

---

घरचा_मिस्त्री

थांबा, लावायच्या आधी वाचा.

चाक बाहेर आहे तोवर बेअरिंगमध्ये बोट घालून फिरवून बघा. खरखर लागली तर आत्ताच बदला. हबमधली रबरं ढिली झालीत का तेही बघा. एक्सल पुसून हलकं ग्रीस.

आता सगळ्यात महत्त्वाचं. ड्रमच्या ब्रेक प्लेटला एक पट्टी जोडलेली असते, तिचं दुसरं टोक गाडीच्या मागच्या फोर्कला. काही गाड्यांत पट्टीऐवजी प्लेटवरची खाच फोर्कच्या खुंटीत बसते. ही जोडणी राहिली तर पहिल्याच ब्रेकला अख्खी प्लेट चाकाबरोबर फिरते, दांडा वाकतो आणि चाक जाम होतं. पट्टीचा नट कसला की नाही आणि त्याची पिन लावली की नाही, हे दोनदा बघा. टायर चुकला तर ट्यूब जाते. हे चुकलं तर माणूस पडतो.

चेन चक्रावर चढवा, दोन्ही बाजूंचे ताणायचे बोल्ट फोर्कवरच्या खुणांच्या सारख्याच रेघेवर आणा. चेनचा ढिलेपणा पुस्तिकेप्रमाणे. एक्सलचा नट आवळताना कोणाला तरी मागचा ब्रेक दाबून धरायला सांगा, म्हणजे ब्रेकचे लायनर ड्रमच्या मधोमध बसतात. शेवटी टॉर्क पाना (नट ठरलेल्या जोराने कसणारा), पुस्तिकेतला आकडा.

---

सायलेन्सर

डिस्कवाल्यांसाठी भर घालतो. चाक बाहेर असताना ब्रेक अजिबात दाबू नका, पिस्टन बाहेर येतात आणि मग डिस्क आत जात नाही. पॅडच्या मध्ये पुठ्ठा घालून ठेवा. चाक लावल्यावर गाडी हलवायच्या आधी ब्रेक चार-पाच वेळा दाबा, कडक लागेपर्यंत. पहिला दाब रिकामा जातो, आणि तो फाटकाबाहेर गेल्यावर कळणं बरं नाही. हे मी अनुभवाने सांगतोय, तपशील देणार नाही.

---

अर्धापाना

पट्टीची पिन लावायची राहिली होती. खरंच. नट कसला होता, पिन खोक्यात पडली होती. लावली.

चक्कर मारून आलो. गाडी वळणावर थोडी परकी वाटते. नवी बायको की टायर, काय म्हणतात ते...

---

रानवाटा

विनोद राहू द्या. नव्या टायरचा पृष्ठभाग गुळगुळीत असतो. पहिले दीडशे किलोमीटर जपून, वळणावर हळूहळू कलवत न्या, ओल्या रस्त्यावर तर फारच जपून. आणि टायर गोल आहे. जुना मधून सपाट झाला होता, त्याची तुम्हाला सवय लागली होती. परका तो जुना होता.

---

अर्धापाना

चूक मान्य, विनोद मागे.

वजनं लावून तोल साधायचा राहिला. तो लागतोच का?

---

गणितमास्तर

वेग वाढवल्यावर हादरा जाणवत असेल तर लागतो. मागच्यापेक्षा पुढच्या चाकाला जास्त जाणवतो. घरी करता येतं. चाक एक्सलवर दोन टेकूंच्या मध्ये मोकळं टांगा, हलकेच फिरवून सोडा. जड बाजू खाली येऊन थांबते. बरोबर वरच्या टोकाला, स्पोकला, छोटं वजन लावा. पुन्हा फिरवा. कुठेही सोडलं तरी जागच्या जागी थांबलं की झालं. ब्रेक प्लेट आणि चेन त्या वेळी लावलेली नको, ती चाकाला अडवते आणि तुम्ही भलत्याच जागी वजनं चिकटवत बसता.

टायरवर आणि रिमवर, वॉल्व्हच्या रेषेत, खडूची एक सलग रेघ ओढून ठेवा. तुम्ही तेल लावलं होतं, म्हणून सांगतो. टायर फिरत असेल तर रेघ तुटलेली दिसेल, वॉल्व्ह फाटायच्या आधी.

---

अर्धापाना

आठवड्यानंतरची नोंद. २१० किलोमीटर झाले. खडूची रेघ जागेवर, वॉल्व्ह सरळ. दाब दोन पीएसआयने उतरला होता. वॉल्व्हच्या तोंडाला थुंकी लावून पाहिली, बुडबुडा आला, पिन अर्धा आटा ढिली होती. कसली. तेव्हापासून दाब हललेला नाही.

पुढचा टायरही झिजण्याच्या खुणेला टेकलाय. त्याला डिस्क आहे आणि स्पीडोमीटरची केबल त्याच चाकातून निघते. नवा धागा काढू का?

---

घरचा_मिस्त्री

कशाला, इथेच लिहा. केबल सोडवायच्या आधी हबवरच्या त्या गिअरच्या दोन पाकळ्या कुठल्या खाचेत बसल्यात त्याचा फोटो काढून ठेवा. आणि पुठ्ठा.